बोरिवलीच्या जंगलात बिबटे किती, आणि ते दिसत का नाहीत?

रविवारी सकाळी बोरिवली पूर्वेला, हायवेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी रांग लागते. पोरंबाळं, जेवणाचे डबे, भाड्याच्या सायकली, कान्हेरीला जाणाऱ्या बसची वाट पाहणारे कॉलेजचे घोळके. पहाटेपासून फेरी मारणारे परिसरातले लोक तोवर घामेजून परतीला लागलेले असतात. मुंबईकरांच्या तोंडी या जागेचं नाव नुसतं ‘नॅशनल पार्क’. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, पूर्वेला मुलुंड आणि ठाणे, दक्षिणेला आरे आणि पवई, उत्तरेला घोडबंदर रस्ता, आणि या सगळ्याच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल.

या जंगलात आणि त्याला लागून असलेल्या हिरव्या पट्ट्यात मिळून पन्नासच्या वर बिबटे राहतात. जिथून कान्हेरीची बस जाते त्या डांबरी रस्त्यावरून ते रात्री चालतात. तरीही दिवसभर उद्यानात भटकून आलेल्या हजार माणसांना विचारा, बिबट्या पाहिलेला एखादाही सापडणं कठीण. (सफारीच्या गाडीतून दिसणारे वाघ आणि सिंह वेगळे. ते मोठ्या कुंपणाच्या आत पाळलेले आहेत. इथल्या मोकळ्या जंगलात वाघ-सिंह नाहीत. बिबट्या मात्र अस्सल इथला.)

मग कोडं असं, की जे दिसतच नाहीत ते पन्नास आहेत हे कोणी आणि कसं मोजलं? एवढ्याशा जंगलात त्यांचं पोट कसं भरतं? आणि भोवती कोटीभर माणसं असताना रोज अनर्थ का होत नाही?

जंगल उरलं ते पाण्यामुळे

आधी हे जंगल इथे शिल्लक कसं राहिलं ते पाहू. मुंबईने एकेक करून खाड्या बुजवल्या, टेकड्या फोडल्या, भातखाचरं गिळली. मग एवढी मोठी जागा सुटली कशी?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई शहर विहिरी आणि तळ्यांच्या पाण्यावर जगत होतं आणि उन्हाळ्यात तहानलेलं असायचं. त्यावर तोडगा म्हणून साष्टीच्या डोंगरांत मिठी नदीच्या उगमाकडे धरण बांधून विहार तलाव तयार केला गेला. १८६० मध्ये तिथून नळाने पाणी शहरात आलं. मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते पहिल्यांदा. पुढे १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला. तलावाचं पाणी स्वच्छ हवं, तर ज्या उतारांवरून पावसाचं पाणी वाहत तलावात येतं तिथे वस्ती, शेती, गुरं नकोत. म्हणून हे उतार राखले गेले, आणि पुढच्या शतकात त्यांच्याभोवती राष्ट्रीय उद्यान आकाराला आलं.

उतारावर झाडं असली की तलावाला काय मिळतं? कोकणातला पाऊस जोराचा. उघड्या उतारावर तो थेट आपटतो, माती सुटते, पाणी गढूळ होऊन धावत खाली येतं आणि तलावाच्या तळाशी गाळ साचत जातो. झाडीत तेच थेंब आधी पानांवर अडतात, मग खालच्या पाचोळ्यावर पडतात. पाचोळ्याखालची माती मुळांनी आणि किड्यांनी पोकळ केलेली असते, तिथे बरंचसं पाणी मुरतं आणि दिवसेंदिवस पाझरत राहतं. तलाव सावकाश भरतो, गाळ कमी येतो. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यात विहार आणि तुळशी मिळून अडीच टक्क्यांच्या आसपासच भरतात, कारण बाकीचे तलाव फार मोठे आहेत. विहारची क्षमता सुमारे २,७७० कोटी लिटर, तुळशीची सुमारे ८०५ कोटी. पण दोन्ही शहराच्या हद्दीत आहेत. दहिसर, पोईसर आणि मिठी या नद्यांना पावसाळ्यात मिळणारं बरंच पाणी याच डोंगरांतून येतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसल्या पावसापुढे कोणतंच जंगल पुरं पडत नाही, पण त्याच डोंगरांवर झाडीऐवजी सिमेंट असतं तर मिठीत आणखी किती पाणी आलं असतं, हा विचार अंगावर येतो.

इथे पाणी राखायची रीत तर फार जुनी आहे. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. साधारण इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं बौद्ध भिक्खू इथे राहिले. बहुतेक विहारांच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसतं. उतारावर कोरलेल्या पन्हळीतून पावसाचं पाणी टाक्यात उतरतं. कोणी कोणतं टाकं दान दिलं, त्याचे शिलालेख तिथेच आहेत, आणि त्यांत कल्याण, सोपारा अशा व्यापारी गावांतल्या दात्यांची नावं आहेत. कान्हेरीला जाणारे बहुतेक जण तिसऱ्या लेण्यातल्या दोन भव्य बुद्धमूर्ती पाहून परत फिरतात. माझा आग्रह असा, की थोडं वर चढा आणि पाण्याच्या वाटा शोधा. पावसाळ्यात त्या वाहत्या दिसतात.

न दिसणाऱ्याची मोजणी

पूर्वी बिबटे मोजायचे ते पंजाच्या ठशांवरून. पण एकाच जनावराचा ठसा ओल्या मातीत वेगळा, धुळीत वेगळा, चालताना वेगळा आणि पळताना वेगळा. त्यामुळे मोजणी भरवशाची नव्हती. आता कॅमेरा ट्रॅप लावतात.

हा कॅमेरा माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर पायवाटेच्या कडेला झाडाला बांधलेला असतो. आत एक उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. भोवतालच्या हवेपेक्षा गरम असलेलं काही समोरून सरकलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. त्याचं कारण म्हणजे बिबट्याच्या अंगावरचे ठिपके. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची मांडणी निराळी, आणि एकाच बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचीही निराळी. दोन्ही बाजू एकाच वेळी टिपल्या, तरच पुढच्या वेळी कोणतीही एक बाजू दिसली तरी ओळख पटते.

पण सगळेच बिबटे कॅमेऱ्यासमोरून जाणार नाहीत. मग न सापडलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा? समजा, घरात डब्यात पावटे आहेत आणि सगळे न मोजता ते किती हे काढायचंय. मूठभर म्हणजे २० पावटे काढून त्यांना कुंकू लावा, परत डब्यात टाका, डबा नीट हलवा. आता पुन्हा हात घालून ३० पावटे काढा. त्यांत ६ कुंकवाचे निघाले, म्हणजे पाचातला एक. म्हणजेच कुंकू लावलेले २० हे एकूण पावट्यांच्या पाचव्या हिश्शाइतके असावेत, आणि डब्यात शंभरेक पावटे असावेत. बिबट्यांच्या बाबतीत कुंकू लावायची गरज पडत नाही, ठिपके जन्मजात असतात. पहिल्यांदा दिसलेले किती, पुन्हा दिसलेले किती, कोण कुठल्या कॅमेऱ्यात आला, हे सगळं गणितात घालून अभ्यासक एकूण संख्येचा आणि दाटीचा अंदाज काढतात.

या पद्धतीने २०१५ च्या अभ्यासात ३५ वेगवेगळे बिबटे ओळखले गेले, २०१८ मध्ये ४७ आणि २०२४ च्या अभ्यासात ५४. हे आकडे ‘बिबटे वाढले’ असं म्हणून एकापुढे एक ठेवायचा मोह होतो. तो टाळायला हवा. दर वेळी कॅमेरे लावलेलं क्षेत्र सारखं नव्हतं. आरे तर होतंच, पण ताज्या अभ्यासात खाडीपलीकडचं तुंगारेश्वर अभयारण्यही धरलं होतं. तुलना करायची तर दाटीची करावी. २०१८ च्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे २६ बिबटे अशी दाटी निघाली. जगात जिथे जिथे बिबट्यांची अशी मोजणी झाली आहे, त्यातली ही फार वरची.

शहराचा कचरा आणि बिबट्याचं पोट

एवढी दाटी जंगलातल्या हरणांच्या जिवावर टिकेल का? उद्यानात चितळ आहेत, सांबर आहेत, रानडुक्कर, वानर, ससे आहेत. बिबट्या काय खातो हे पाहायला अभ्यासक त्याची विष्ठा गोळा करतात. खाल्लेल्या जनावराचे केस पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या आतली रचना पाहिली की तो चितळाचा की कुत्र्याचा, हे सांगता येतं. निकित सुर्वे यांनी इथे केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात निम्म्याहून थोडा जास्त वाटा जंगली प्राण्यांचा निघाला, बाकीचा पाळीव आणि भटक्या जनावरांचा. एकट्या कुत्र्यांचाच वाटा जवळजवळ पाव होता.

बिबट्या मध्यम बांध्याचा शिकारी आहे. साधारण १० ते ४० किलोचं जनावर त्याला सोयीचं. ओढून झाडीत नेता येतं, प्रसंगी झाडावर चढवता येतं, आणि पकडताना स्वतःला इजा होण्याचा धोका कमी. वाघाला मोठी शिकार आणि मोठं जंगल लागतं, बिबट्याचं तसं नाही. भटकं कुत्रं बरोब्बर त्याच्या मापाचं आहे.

आणि भटकी कुत्री एवढी कशामुळे? उघड्यावरच्या कचऱ्यामुळे. उद्यानाच्या भिंतीला लागून वस्त्या आहेत, सोसायट्या आहेत, हॉटेलं आहेत. जिथे उष्टं-खरकटं रस्त्याच्या कडेला पडतं तिथे कुत्री आणि डुकरं जमतात, पिल्लं वाढतात, आणि बिबट्या रात्री तिथे फेरी मारतो. म्हणजे आपल्या दारात बिबट्या येतो का, हे पुष्कळदा आपल्या गल्लीतल्या कचराकुंडीवर ठरतं. वनखात्याचे लोक बैठकांत हे परत परत सांगतात. ऐकणाऱ्यांना पिंजरा हवा असतो आणि ते कचऱ्याविषयी बोलतात, म्हणून लोक चिडतात. पण मुद्दा त्यांचाच खरा आहे.

याला आणखी एक बाजू आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात अंदाज मांडला होता, की इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रं चावण्याच्या वर्षाला हजारेक घटना टळत असाव्यात. हा गणिती अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजलेला आकडा नव्हे. तरी बिबट्याकडे नुसता धोका म्हणून पाहणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा असा आहे.

तो दिसत का नाही

बिबट्याचं वेळापत्रक आपल्या उलट आहे. दिवसा तो दाट झुडपांत, खडकाच्या कपारीत, नाल्याच्या सावलीत पडून असतो. माणसांचा वावर ओसरला की निघतो. त्याच्या डोळ्यांत पडद्यामागे परावर्तन करणारा एक थर असतो. पडद्यातून आरपार गेलेला प्रकाश त्या थरावरून परत फिरतो आणि पडद्यावर दुसऱ्यांदा पडतो. त्यामुळे चांदण्याच्या उजेडात त्याला आपल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतं. टॉर्च मारल्यावर त्याचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. नखं आत ओढलेली आणि पायाच्या गाद्या मऊ, म्हणून पावलांचा आवाज नाही. ठिपक्यांमुळे पानांच्या उन्हासावलीत अंगाची कडा मोडून जाते, आणि दहा पावलांवर बसलेला बिबट्या नजरेतून निसटतो.

नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात हे फार चांगलं अभ्यासलं गेलंय. तिथे जंगल नावालाच, सगळा उसाचा आणि शेतीचा मुलूख, आणि गावोगाव माणसं. तरी विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॅमेरा ट्रॅपमधून तिथे दर १०० चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे आढळले. गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधलेले बिबटे रात्री घरांपासून २५ मीटरच्या आत येऊन जात होते. घरातल्यांना पत्ताही नसायचा. सकाळ व्हायच्या आत ते दूर उसात किंवा डोंगरात गेलेले असत.

यावरून एक गोष्ट कळते. बिबट्या दिसला याचा अर्थ तो ‘आला’ असा नसतो. तो बहुधा तिथेच होता, या खेपेला आपली नजर पडली इतकंच. हल्ली सोसायट्यांच्या सीसीटीव्हीत रात्री दोन वाजता भिंतीवरून उडी मारणारा बिबट्या दिसतो आणि सकाळी मोबाइलवर धावपळ उडते. कॅमेरा नव्हता तेव्हाही तो त्याच भिंतीवरून जात असण्याचीच शक्यता जास्त.

पकडून लांब सोडला तर?

बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची. पकडा आणि दूर जंगलात सोडून या. ऐकायला सरळ वाटतं. पण हा उपाय उलटा कसा पडतो ते या साऱ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं, म्हणून इथे थोडं थांबू.

जुन्नर तालुक्यात उसामुळे बिबट्यांना बारमाही आडोसा मिळाला. २००१ नंतर तिथे मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. अत्रेय यांनी आधीच्या आणि नंतरच्या हल्ल्यांची नोंद तपासली. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. धरपकड वाढल्यावर, २००१ ते २००३ या काळात, सरासरी १७ वर गेली. शिवाय जिथे बिबटे नेऊन सोडले, त्या जंगलांच्या आसपास हल्ले होऊ लागले.

असं का व्हावं? पूर्ण वाढलेल्या नर बिबट्याचा एक इलाखा असतो. झाडांवर मूत्राचे फवारे मारून, माती खरवडून, विष्ठा टाकून तो त्याच्या खुणा करतो. त्या इलाख्यात त्याला पाणवठे, शिकारीच्या जागा, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा सगळं ठाऊक असतं. कुठे थांबायचं, कुठून वळसा घालायचा, हे तो वर्षानुवर्षांत शिकलेला असतो. अशा नराला उचलून नेलं की जागा रिकामी राहत नाही. इलाखा शोधत फिरणारी तरुण जनावरं ती बळकावायला येतात, आपसांत भांडतात, आणि त्यांना त्या जागेची, तिथल्या माणसांची काहीच माहिती नसते. काल एक जाणता बिबट्या होता तिथे आज दोन-तीन अजाण येतात.

इकडे नेऊन सोडलेल्याची अवस्था आणखी बिकट. पिंजऱ्यात धडपडताना दात-नखं मोडलेली, भोवती माणसांचा गोंगाट सहन केलेला, आणि आता अनोळखी मुलूख, जिथे आधीच दुसऱ्या बिबट्याचं राज्य. तो तिथे थांबत नाही. घराच्या दिशेने चालू लागतो, आणि वाटेतलं प्रत्येक गाव त्याला नवं आणि तो गावाला नवा.

सोडलेला बिबट्या किती लांब चालत जाऊ शकतो, ते ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दाखवलं. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा मोठा नर बाहेर काढला गेला, त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. सुमारे महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून तो मुंबईच्या या जंगलापर्यंत पोचला. वाटेत महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि खाडी होती. संपूर्ण प्रवासात त्याने एकाही माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो गेला. त्याच्यावर पुढे २०१४ मध्ये ‘आजोबा’ हा मराठी चित्रपटही आला.

मुंबईला या पकडून सोडण्याची किंमत फार मोठी मोजावी लागली आहे. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत हल्ले वाढले. एकट्या जून २००४ मध्ये दहाच्या आसपास माणसं गेली. त्या काळात बाहेर पकडलेले बिबटे या उद्यानात आणून सोडले जात होते, याकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं. पुढे धरपकडीचं धोरण आवरतं घेतलं गेलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने मानव-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबटे उचलून दुसरीकडे सोडू नयेत, हाच त्यांचा रोख आहे. त्याच वर्षी उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने वनखातं, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात पोलिसांचं प्रशिक्षण होतं, वस्त्यांतल्या बैठका होत्या, पत्रकारांशी बोलणं होतं. बिबट्या एखाद्या इमारतीत अडकला तर त्याच्यापेक्षा आधी गर्दी आवरावी लागते, हे त्यातून पोलिसांना उमगलं. माझ्या मते मुंबईने गेल्या पंचवीस वर्षांत शिकलेल्या मोलाच्या धड्यांपैकी हा एक आहे, आणि त्याची म्हणावी तेवढी चर्चा झालेली नाही.

वाघोबाचे शेजारी

उद्यानात आणि आरेत आदिवासी पाडे आहेत. वारली माणसाला बिबट्या आणि वाघ यांच्यात फार फरक करायची गरज वाटत नाही, दोघांचाही देव वाघोबा. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ, शेंदूर लावलेला, कधी सोबत चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर आपण वसुबारस करतो, त्याच दिवशी अनेक पाड्यांवर वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवायचा, गुराढोरांवर नजर ठेव असं सांगायचं. महाराष्ट्रातल्या वाघोबाच्या ठाण्यांचा काही वर्षांपूर्वी अभ्यास झाला, तेव्हा दीडशेच्या आसपास ठाणी नोंदली गेली. या नात्यात भीती आहे, राग आहे, आणि तरी शेजार मोडायचा नाही असा करारही आहे.

पण याचं गोड चित्र रंगवणं मला पटत नाही. ज्यांच्या दारात दिवा नाही, शौचालय लांब आहे, त्यांच्यावरच हा शेजार जड जातो. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये पहाटे एक लहानगी बिबट्याने नेली. उभ्या, मोठ्या माणसाला बिबट्या सहसा भक्ष्य समजत नाही. अंधारात खाली बसलेलं माणूस आणि लहान मूल मात्र त्याला आकाराने ओळखीच्या शिकारीसारखं वाटू शकतं. म्हणून पाड्यांवर चालू शौचालयं, वाटेवर दिवे आणि वेळच्या वेळी उचलला जाणारा कचरा, ही बिबट्यापासूनची सुरक्षा आहे. पिंजऱ्यापेक्षा ती स्वस्त आहे आणि जास्त टिकाऊ.

चौकट: जाताना एवढं लक्षात ठेवा

उद्यान सोमवारी पर्यटकांसाठी बंद असतं. मुख्य दारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर, चालत किंवा सायकलने जाता येतं, बसही असते. शिलोंढ्यासारख्या पायवाटांवर परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जावं. त्यासाठी दाराजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा.

वानर-माकडांना खायला देऊ नका आणि खाद्यपदार्थांच्या पिशव्या आत टाकू नका.

अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका. कडेच्या वस्तीत राहत असाल तर रात्री चालताना मोबाइलवर गाणी लावा किंवा बोलत चला, म्हणजे त्याला आधीच कळतं आणि तो बाजूला होतो.

बिबट्या समोर आलाच तर पळू नका, खाली बसू नका, त्याला वाट द्या. अडकलेला दिसला तर गर्दी न जमवता वनखात्याला कळवा, हेल्पलाइन १९२६.

खुणा वाचायला शिकायचं

बिबट्या दिसणार नाही असं गृहीत धरून गेलात तर पाहायला खूप आहे. ओल्या वाटेवर पंजाचा ठसा शोधा. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. वाटेच्या मधोमध पडलेली केसाळ, वाळून पांढुरकी झालेली विष्ठा ही त्याची पाटी आहे. आणि माकडांकडे कान द्या. वानर उंच फांदीवरून एकाच दिशेला पाहत खाकरल्यागत ओरडू लागला, चितळांनी तीक्ष्ण साद दिली, की जवळपास शिकारी हललेला असतो. झाडावरून वानराला जे दिसतं ते जमिनीवरच्या चितळाला दिसत नाही, चितळाला जो वास येतो तो वानराला येत नाही. त्यामुळे दोघं एकमेकांच्या इशाऱ्यांवर विसंबतात, आणि जाणते वनरक्षक त्या दोघांवर.

पावसाळ्यानंतर उतारांवर कारवी पाहा. ही झुडपं आठ वर्षं नुसती वाढतात आणि मग एकाच हंगामात सगळी मिळून फुलतात. इथे ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. एकदम एवढं बी तयार झालं की खाणाऱ्या किड्यापाखरांना ते संपवता येत नाही, पुष्कळसं बी उरतं आणि रुजतं. फुलून झाल्यावर मूळ झुडूप मरतं. पुढचा बहर २०३२ चा.

रस्ता ओलांडायचा प्रश्न

एका जंगलात पन्नास बिबटे चांगले जगत असले, तरी त्यांची पोरं कुठे जाणार, हा प्रश्न उरतो. मादीची पिल्लं दीड-दोन वर्षांत सुटी होतात. तरुण नराला बापाच्या इलाख्यात जागा नसते. त्याने उत्तरेला, नागला भागातून पुढे खाडी ओलांडून तुंगारेश्वरकडे जायला हवं. तसं झालं नाही तर जवळच्या नात्यातच जोड्या जमत राहतील आणि पिढ्यान्‌पिढ्या रोगांपुढे टिकण्याची ताकद घटत जाईल. एकट्या आजोबाची वाट उलट्या दिशेने पाहिली, तरी हे डोंगर सह्याद्रीशी अजून जोडलेले आहेत हे दिसतं.

पण नागला आणि मुख्य जंगल यांच्या मधून घोडबंदर रस्ता जातो, दिवसरात्र अवजड वाहनांनी भरलेला. तिथे बिबटे गाडीखाली गेले आहेत. डोंगराखालून काढायचे बोगदे, ठाणे–बोरिवली आणि गोरेगाव–मुलुंड, हे निदान जमिनीवरच्या जंगलाचे दोन तुकडे करत नाहीत. घोडबंदरसारखे जमिनीवरचे रस्ते मात्र रुंद होत गेले, तर त्यांच्याखाली जनावरांसाठी मोकळे भुयारी मार्ग हवेत. नुसत्या सांडपाण्याच्या मोऱ्या पुरत नाहीत. मार्ग उंच असावा, पलीकडचा उजेड दिसावा, दोन्ही तोंडांशी झाडी असावी आणि मार्गात माणसांचा वावर नसावा. असे मार्ग कुठे हवेत, हे ठरवायला कॅमेरा ट्रॅपच्या नोंदी हाताशी आहेत. कोणत्या नाल्यातून कोण जातं ते त्यांत दिसतं, आणि रस्त्याचा आराखडा कागदावर असतानाच त्या नोंदी रस्ता बांधणाऱ्यांच्या टेबलावर पोचायला हव्यात.